हाकेला येणारा कुत्रा

घाटंजी तालुक्यात कापूस वेचणीला आला आणि तूर फुलोऱ्यात आली की रात्रीची जागल सुरू होते. रानडुकरे आणि रोही एका रात्रीत वावर झोपवतात. म्हणून मचाणावर कास्तकार आणि मचाणाखाली त्याचा कुत्रा, हे चित्र टिपेश्वर अभयारण्याच्या कडेच्या गावांत सगळीकडे दिसते. रोही दिसला की कुत्रा सुटतो. मालक मागून ओरडतो, शीळ घालतो, शिव्या देतो. अर्ध्या तासाने कुत्रा धापा टाकत परत येतो आणि आल्याबरोबर त्याच्या पाठीत काठी बसते. मालकाच्या हिशेबी ही पळून जाण्याची शिक्षा असते. कुत्र्याच्या हिशेबी ती परत येण्याची शिक्षा असते. दुसऱ्या दिवशी तो आणखी उशिरा येतो.

माणूस अर्ध्या तासापूर्वीच्या चुकीशी आताची काठी जोडू शकतो, कुत्रा जोडू शकत नाही. ज्या क्षणी जे घडले, त्या क्षणी तो जे करत होता त्याच्याशीच त्याचा संबंध लागतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1898 मध्ये बंद खोक्यांतून सुटका करून घेणाऱ्या मांजरांवर प्रयोग केले. ज्या कृतीनंतर समाधान मिळते ती कृती प्राणी पुन्हा करतो, ही त्यातून निघालेली साधी गोष्ट आजच्या श्वानप्रशिक्षणाच्या मुळाशी आहे. हवे ते वर्तन घडले की लगेच बक्षीस द्यायचे आणि नको त्या वर्तनातून कुत्र्याला काही मिळू द्यायचे नाही, एवढाच त्याचा गाभा. यात लगेच म्हणजे एका-दोन सेकंदांत. खिशातला तुकडा शोधण्यात पाच सेकंद गेले तर बक्षीस भलत्याच गोष्टीला मिळते.

यावर गावात एक उत्तर ठरलेले असते: ‘अशाने कुत्रा लाडावतो, त्याला धाकच पाहिजे.’ या समजुतीला पुढे शास्त्राचाही आधार दिला गेला. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये पिंजऱ्यात कोंडलेल्या लांडग्यांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. एकमेकांना अनोळखी असलेले ते लांडगे वर्चस्वासाठी भांडत होते. त्यावरून ‘कळपाचा दादा’ ही कल्पना रुजली आणि मालकाने कुत्र्याचा दादा झाले पाहिजे, असा सल्ला पुस्तकांतून पसरला. जंगलातल्या लांडग्यांचा अनेक वर्षे अभ्यास करणारे डेव्हिड मेक यांनी 1999 मध्ये दाखवून दिले की मोकळ्या रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले असतात. तिथे दादागिरी नसते, घर असते. एका पिंजऱ्यातले भांडण पाहून जगभरच्या कुत्र्यांना मार मिळावा, हा विज्ञानाच्या इतिहासातला एक चमत्कारिक प्रकार आहे.

धाक अजिबात चालत नाही, असे मात्र नाही. काठी दाखवली की कुत्रा बसतो, हे खरेच आहे. प्रश्न आहे तो त्याची किंमत काय पडते हा. पोर्तुगालमधील पोर्टो येथील संशोधकांनी 2020 मध्ये 92 पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही कुत्रे बक्षिसाने शिकवणाऱ्या वर्गांतले होते, तर काही झटके आणि ओरडा यांवर भर देणाऱ्या वर्गांतले. दुसऱ्या गटातल्या कुत्र्यांच्या लाळेत प्रशिक्षणानंतर कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक जास्त वाढलेले आढळले. पुढची चाचणी अधिक बोलकी होती. खोलीच्या एका बाजूच्या वाडग्यात खाऊ असतो आणि दुसऱ्या बाजूच्या वाडग्यात नसतो, हे कुत्र्यांना आधी शिकवले. मग वाडगा मध्येच कुठेतरी ठेवला. बक्षिसाने शिकलेले कुत्रे आशेने त्याच्याकडे धावले. जास्त धाकात शिकलेले कुत्रे रेंगाळले. वर्गाच्या बाहेर, कोणी मारत नसतानाही, काही चांगले मिळेल ही अपेक्षा त्यांच्यात कमी झाली होती.

जागलीच्या कुत्र्यासाठी त्याच वर्षीचा इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाचा अभ्यास जास्त उपयोगाचा आहे. त्यातले 63 कुत्रे नेमके मोकळे सोडले की हाकेला न येणारे होते. काहींना विजेचा सौम्य झटका देणाऱ्या पट्ट्याने शिकवले, काहींना बक्षिसाने. ‘ये’ आणि ‘बस’ या आज्ञा पहिल्याच सांगण्यात पाळण्यात आणि लवकर पाळण्यात बक्षीसवाले कुत्रे पुढे निघाले. झटक्याने जास्त काही साधले नाही.

घाटंजीसारख्या ठिकाणी ‘ये’ ही आज्ञा शोभेची नाही. टिपेश्वर सुमारे 148 चौरस किलोमीटरचे आहे. त्यात वाघ आहेत, बिबटे आहेत, आणि ते कुंपण पाहून चालत नाहीत. रोह्याच्या मागे झुडपात शिरलेला कुत्रा त्यांच्या तोंडी जाऊ शकतो. पिसाळलेल्या कोल्ह्याशी गाठ पडली तर तो रेबीज घेऊन घरी येऊ शकतो. उलट बाजूनेही धोका आहेच. गीरमध्ये 2018 साली वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांच्यातल्या काहींत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. कुत्र्यांमध्ये नेहमी आढळणारा हा आजार लस न दिलेल्या कुत्र्यांकडून जंगलात जाऊ शकतो.

धाकाचा आणखी एक तोटा थेट माणसाच्या आरोग्याशी जोडलेला आहे. कुत्र्याचे गुरगुरणे ही त्याची सूचना असते: जवळ येऊ नका. गुरगुरला म्हणून वारंवार मारले तर तो गुरगुरणे सोडतो, भीती मात्र तशीच राहते. मग ‘काही न करता एकदम चावला’ असे लोक सांगतात. असा चावा अनेकदा घरातल्या लहान मुलाच्या वाट्याला येतो, कारण मूलच त्याच्या सर्वांत जवळ जाते. (चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, मिरची, चुना काही लावू नये.)

‘हे सगळे विलायती कुत्र्यांचे, गावठी कुत्रा काय शिकणार?’ हा पुढचा आक्षेप. कोलकात्याच्या ‘आयसर’मधील अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे रस्त्यावरच्या भारतीय कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. अनोळखी माणसाने पुन्हा पुन्हा खाऊ दिल्यापेक्षा अंगावरून हात फिरवला तर या कुत्र्यांचा विश्वास अधिक बसतो, असे त्यांना 2017 मध्ये आढळले. उकिरड्यावर जगणाऱ्या कुत्र्यालाही प्रेमाचा हात हे बक्षीस वाटते. मोत्या आणि वाघ्या यांना शिकवणे परवडत नाही, ही सबब त्यामुळे फारशी टिकत नाही.

सुरुवात वावरात करू नये, अंगणात करावी. भाकरीचे, उकडलेल्या अंड्याचे बोराएवढे तुकडे मुठीत घ्यावेत. कालवणातले उरलेसुरले देऊ नये, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी ठरतात. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेटही तसेच. दोन पावलांवरून नाव घेऊन ‘ये’ म्हणावे, एकदाच. दहा वेळा ओरडले की त्या शब्दाला अर्थ उरत नाही. कुत्रा आला की ‘शाब्बास’ आणि लगेच तुकडा. मग त्याला पुन्हा मोकळे सोडावे. हे सोडणे फार महत्त्वाचे आहे. हाक मारली की नेहमी साखळीच गळ्यात पडत असेल तर कोणता शहाणा कुत्रा येईल? अंतर हळूहळू वाढवावे. बाहेर नेताना लांब कासरा बांधावा, म्हणजे कोंबड्या-बकऱ्या दिसल्या तरी पाठलागाची चटक लागत नाही. उन्हाळ्यात विदर्भातली दुपार टाळावी, तापलेल्या डांबराने पंजे भाजतात. पहाटेची पाच-दहा मिनिटे पुरतात.

सवय पक्की झाली की तुकडा दर वेळी द्यायची गरज नसते, कधी द्यावा, कधी नुसती पाठ थोपटावी. पुढची खेप लागेल या आशेवर मटका खेळणारा रोज का जातो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे कारण सांगायला नको. आणि कुत्रा कितीही उशिरा आला, कितीही राग आला, तरी आल्यावर मारायचे नाही. सर्वांत अवघड धडा हाच आहे आणि तो मालकाचा आहे.

बक्षिसाने सगळे सुटते, असाही दावा नाही. अचानक चावरा झालेला कुत्रा आधी पशुवैद्यकाला दाखवावा, दुखणेही त्याला चावायला लावते. हाकेला येणारा कुत्राही जंगलाला लागून असलेल्या धुऱ्यावर रात्री कासऱ्यातच असलेला बरा.

28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, जागलीचा हंगाम त्याच्या पाठोपाठ येतो. त्या सुमारास पशुवैद्यकीय दवाखाने लसीकरणाची शिबिरे घेतात आणि मालक कुत्र्यांना ओढत, दामटत तिथे आणतात. तीच वेळ साधून, लसीची सुई टोचताना तुकडा कसा द्यायचा आणि हाक कशी मारायची हे दहा मिनिटांत करून दाखवता येईल. अभयारण्यालगतच्या गावांत परिस्थितिकी विकास समित्या आहेत, त्यांच्या बैठकीतही हे बसू शकते. वनविभागाला हे नवे नाही. वाघाचे कातडे आणि हाडे हुंगून काढणारी श्वानपथके देशात 2008 पासून ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या मदतीने तयार होत आहेत, महाराष्ट्रातही ती काम करतात. अशा शोधक कुत्र्याला वास सापडला की त्याचा आवडता चेंडू द्यायचा, हा या कामाचा जगभरचा शिरस्ता आहे. वनरक्षकाच्या कुत्र्याला जे मिळते ते मचाणाखालच्या कुत्र्याला द्यायला भाकरीच्या चतकोराइतकाच खर्च येतो.