थकव्याचं मूळ गळ्यात असू शकतं

पिकाची पानं पिवळी पडली की आपण लगेच विचारायला धावतो. लोह कमी पडलं की जस्त, माती तपासायची का? पण घरातली बाई सहा-सहा महिने थकलेली असते, वजन वाढतं, केस गळतात, पाळी बिघडते, सगळ्यांआधी तिला थंडी वाजते. तेव्हा मात्र "कामाचा कंटाळा" म्हणून आपण मोकळे होतो. यामागे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावलेली असू शकते, हे कुणाच्या ध्यानी येत नाही.

हा आजार दुर्मिळ नाही. देशातल्या आठ शहरांत ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत जवळपास ११ टक्के लोकांत तो आढळला. पुरुषांत ५ टक्के, बायकांत १६ टक्क्यांच्या आसपास. आणि दर तीन रोग्यांपैकी जवळपास एकाला त्याचा पत्ताच नव्हता! ही झाली शहरांची गोष्ट. जिथं तपासणीच होत नाही, त्या खेड्यांत परिस्थिती बरी असेल असं मानायला आधार नाही.

जास्त जपायचं कुणी? पस्तिशी ओलांडलेल्या बायकांनी, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांनी, घरात कुणाला थायरॉइड असलेल्यांनी, लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या मधुमेहींनी आणि गळ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी. आईचा आजार अंगावर काढला तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. हजार-दीड हजार बाळांमागे एखादं हा दोष घेऊनच जन्मतं. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर ते चारचौघांसारखं वाढतं. उशीर झाला तर गेलेली बुद्धी परत येत नाही.

आयोडीनयुक्त मीठ वापरावंच. खाण्यासाठी साधं मीठ विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे. तरी जनावरांसाठी आणलेलं खडेमीठ काही घरांत स्वयंपाकातही पडतं, ते थांबवा. मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून आणि ओलीपासून दूर ठेवा. मात्र जास्त मीठ खाऊन हा आजार बरा होत नाही. पुष्कळदा शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते. तिथं गोळीच लागते.

निदानाला टीएसएच ही रक्ताची एक तपासणी पुरते, क्वचित जोडीला दुसरी. गोळी स्वस्त आहे. ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-एक तासानं. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनी. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नये.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना एकच सांगणं. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवा, गरोदर बायांची ही तपासणी होते का ते विचारा. माती परीक्षणाचा आग्रह आपण धरतो, तसाच याचाही धरायला हवा.