दात हा शरीराबाहेरचा अवयव आहे काय?

मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदिया मागे टाकले की राजनांदगाव, दुर्ग, भिलाई आणि रायपूर ही स्थानके ओळीने येतात. 1956 पर्यंत या साऱ्या मुलुखाचा कारभार नागपुरातून चाले. रायपूरच्या उत्तर सीमेवर उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहती आहेत. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, तारेचे व फेरो-अलॉयचे कारखाने, आणि या सर्वांना माणूसबळ पुरवणारी ठेकेदारांची साखळी. येथील श्रमिकांच्या आरोग्याविषयी लिहिताना छातीत साठणारी धूळ, भाजणे, तुटलेली बोटे यांची चर्चा होते आणि ती झालीच पाहिजे. आज मात्र आम्ही एका अशा दुखण्याकडे लक्ष वेधू इच्छितो, जे कामगार स्वतःही दुखणे म्हणून मोजत नाही. ते म्हणजे दाताचे.

रोलिंग मिलमधला ठेक्यावरचा एखादा मजूर डोळ्यांपुढे आणावा. त्याची दाढ किडली आहे. पहिल्या महिन्यात थंड पाणी लागते, दुसऱ्यात रात्री कळ येते. तो लवंग दाताखाली धरतो, मेडिकलच्या दुकानातून वेदनाशामक गोळी घेतो आणि पाळीला हजर होतो. खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी गेली, लागोपाठ दोन खाडे केले तर मुकादम दुसरा माणूस उभा करणार. दंतवैद्याकडे तो जातो तेव्हा गालावर सूज असते, ताप असतो आणि कीड भरून दात वाचवण्याची वेळ केव्हाच टळून गेलेली असते. रूट कॅनॉल आणि कॅप यांचा खर्च त्याच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतका. म्हणून दाढ उपटली जाते. ‘काढून टाका, कटकट नको’ असे तो स्वतःच म्हणतो आणि ही त्याची स्वेच्छा होती अशी नोंद होते!

ही स्वेच्छा कशी घडवली जाते ते पाहिले पाहिजे. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने संघटित उद्योगातील कामगाराला वैद्यकीय उपचाराचा आणि आजारपणातील मोबदल्याचा हक्क दिला. हा हक्क मोठा आहे, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याच कायद्यात आजारपणाचे पहिले दोन दिवस मोबदल्यातून वगळले गेले. क्षयरोग्याला किंवा हाड मोडलेल्याला ही अट फारशी जाचत नाही, कारण त्याचे आजारपण लांबते. दात दुखणारा मात्र एका दिवसाचा किंवा फार तर दोन दिवसांचा रुग्ण. वगळलेल्या दिवसांतच त्याचे सारे आजारपण संपते. शिवाय ठेकेदाराने नावच नोंदवले नसेल तर हा प्रश्नही उद्भवत नाही. जुलै 2019 मध्ये विम्याची वर्गणी एकूण साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणली गेली. मालकांचा वाटा पावणेपाचवरून सव्वातीन टक्के झाला, कामगारांचा पावणेदोनवरून पाऊण. मालकवर्गाला दीड टक्का सोडता येतो, पण वस्तीजवळच्या दवाखान्यात दंतवैद्याची संध्याकाळची वेळ ठेवता येत नाही. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. येथे तर दुसऱ्याचे दात कोरून काटकसर चालली आहे.

सप्टेंबर 2018 पासूनच्या आयुष्मान भारत योजनेचेही तेच. प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण, असा तिचा डंका पिटला गेला. योजना मुख्यतः इस्पितळात दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आहे. जबडा मोडला, गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करायची झाली, तर ती मदतीला येते. किडलेला दात भरणे आणि हिरड्या साफ करणे ही खुर्चीवर बसून अर्ध्या-पाऊण तासात होणारी कामे तिच्या बाहेर राहतात. म्हणजे तोंडाचा रोग कर्करोगापर्यंत पोहोचला की राज्यसंस्था जागी होणार! राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रम 2014-15 पासून आहे, रायपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, टाटीबंधला एम्स आहे. दिवसाची पाळी करणाऱ्याने तेथे केव्हा जावे, एवढाच प्रश्न आहे.

दात जातो म्हणजे केवळ एक दात जातो असे नव्हे. हिरड्यांचा जुनाट दाह आणि मधुमेह यांचे नाते दुहेरी आहे. मधुमेहाने हिरड्या लवकर कुजतात आणि हिरड्यांतील पू-दाह रक्तातील साखर आटोक्यात येऊ देत नाही. हृदयाच्या झडपेत दोष असलेल्यांच्या बाबतीत तोंडातील जंतू रक्तावाटे झडपेपर्यंत पोहोचून प्राणघातक दाह निर्माण करू शकतात. दाढा गेलेला माणूस भाकरी, चणे, कच्चा भाजीपाला सोडतो आणि मऊ भात-चहावर राहतो. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण नशिबाविषयी वापरतो. श्रमिकाच्या घरी पन्नाशीच्या आत तिची दोन्ही अंगे एकदम खरी ठरू लागतात. दुसरीही एक बाजू आहे. जो कामगार वर्षानुवर्षे कोणत्याही डॉक्टरपुढे उभा राहत नाही, तो दाढेच्या कळेने का होईना दंतवैद्याच्या खुर्चीत येऊन बसतो. त्या वेळी त्याचा रक्तदाब मोजला, साखर तपासली, तोंडात तीन बोटे उभी मावतात की नाही हे पाहिले, तर पुढचे कितीतरी अनर्थ टळतील. दात उपटून पुढचा रुग्ण बोलावला की ती संधी गेली.

तीन बोटांचा उल्लेख सहज केलेला नाही. सुपारीने गालाच्या आतली त्वचा ताठरते, तोंड उघडेनासे होते आणि त्या अवस्थेतून कर्करोगाकडे वाट जाते. भारतीय पुरुषांतील कर्करोगांमध्ये तोंडाचा कर्करोग अग्रभागी आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत छत्तीसगडमधील प्रौढांपैकी सुमारे 36 टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले. त्यात एक प्रकार मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. आपल्याकडे सातारा-कोल्हापूरपासून मुंबईच्या चाळींपर्यंत बायका मिश्री लावत आल्या, तसा छत्तीसगडात गुडाखू आहे: तंबाखू आणि गूळ यांचा काळपट लगदा, छोट्या डबीत मिळतो, सकाळी बोटाने हिरड्यांवर घासतात. पुरुष घासतात, बायका घासतात, पोरेही घासू लागतात. त्याने हिरडी बधिर होते, कळ थांबते, भूक मरते. 1992 मध्ये केंद्र सरकारने दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. गुडाखू मंजन म्हणून विकला जात नाही इतकेच, तंबाखू म्हणून तो विकला जातोच. गुटख्यावर मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि छत्तीसगडने 2012 मध्ये बंदी घातली. पानटपरीवर सुपारी आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या मिळतात, आणि मिश्रण गिऱ्हाईक स्वतः करते. व्यसनमुक्तीचे उपदेश करणाऱ्या सज्जनांना आमचे विचारणे आहे की, भट्टीशेजारी आठ-बारा तास उभे राहणाऱ्याला ज्या समाजाने दंतवैद्य दिला नाही, त्याच्या हातातली गुडाखूची डबी काढून घेण्यापूर्वी त्याच्या कळेचे काय करायचे ठरवले आहे?

दाताचा आणि कारखान्याचा संबंध नवा नाही. लंडनच्या ब्रायंट अँड मे कंपनीत आगपेट्या करणाऱ्या मुलींना पांढऱ्या फॉस्फरसमुळे जबडा कुजवणारा रोग होई आणि किडलेला दात ही त्या विषाची वाट मानली जाई. मार्क्सने ‘कॅपिटल’च्या कामाच्या दिवसावरील प्रकरणात आगकाड्यांच्या धंद्याची दखल 1867 मध्येच घेतली होती. जुलै 1888 मध्ये सुमारे 1400 कामगारांनी संप केला, त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. त्यांनी मिळवलेल्या गोष्टींत जेवणासाठी वेगळी खोली ही एक होती, कारण विषारी धूळ भाकरीवाटे तोंडात जात असे. पुढे 1898 मध्ये त्याच कंपनीला 17 रुग्ण दडवल्याबद्दल दंड झाला. 1906 चा बर्न करार झाला आणि भारतात 1913 मध्ये कायदा होऊन पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या बंद पडल्या. आपल्या 1948 च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदण्याजोगे 29 रोग होते. त्यांत फॉस्फरस होता, शिसे होते. पोलाद धुण्याच्या आम्लाच्या वाफेने पुढचे दात झिजतात, ही वैद्यकशास्त्राला फार जुनी असलेली गोष्ट मात्र त्या यादीत नव्हती.

छत्तीसगडच्या कामगाराला आरोग्याचा प्रश्न संघटनेचा करता येतो, हे याच भूमीने दाखवून दिले आहे. दल्ली राजहरा येथे जून 1977 मधील गोळीबारात खाणकामगार मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ खाणकामगार संघटनेने स्वतःच्या वर्गणीतून आणि स्वतःच्या श्रमातून 1983 मध्ये शहीद रुग्णालय उभे केले. संघटनेच्या एका उपाध्यक्ष बाईंचा प्रसूतीत उपचाराअभावी मृत्यू झाल्यानंतर हा विचार पक्का झाला होता. शंकर गुहा नियोगी यांच्या मार्गाविषयी डाव्या चळवळीत मतभेद होते आणि ते येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत त्यांची हत्या झाली, तेव्हा ते याच औद्योगिक पट्ट्यातील ठेका कामगारांच्या लढ्यात उभे होते. मजुरी आणि दवाखाना या दोन मागण्या एकाच निवेदनात लिहिण्याची सवय त्या चळवळीने लावली, हे मान्य केले पाहिजे.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांना कामगारवर्गाचा विरोध का आहे हे वाचकांना ठाऊक आहे. ठेका कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा वीसवरून पन्नास मजुरांवर नेली गेली, ही एकच बाब पुरे. पण याच संहितांचा प्रचार करताना चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी होणार, असे सरकारने वारंवार सांगितले. ठीक आहे, सरकारला त्याच्या शब्दाला बांधावे. ही तपासणी तोंड उघडून व्हावी: दात, हिरड्या, गालाची आतली बाजू आणि जीभ, आणि त्याबरोबर रक्तदाब व साखर. चाळिशीची अट आम्लाच्या आणि भट्टीच्या विभागांत नसावी. ठेक्याच्या मजुराची तपासणी मूळ मालकाच्या खर्चाने आणि पगारी वेळेत व्हावी. विमा दवाखान्यात आठवड्यातून निदान तीन दिवस संध्याकाळी दंतवैद्य असावा आणि दात काढण्याच्या दिवसाचा मोबदला मिळावा.

उरला-सिलतऱ्यातील कामगार संघटनांनी आपल्या पुढच्या मागणीपत्रात ही कलमे घालावीत. त्याआधी, प्रत्येक पाळीतील किती जणांच्या किती दाढा गेल्या आणि त्या काढायला किती दिवसांची मजुरी गेली, याची यादी कारखान्याच्या फाटकावर बसून करता येईल. तिला पेन्सिल आणि वही यांपलीकडे काही लागत नाही.