पहाटे तीनला निघायचे नाही



दिवाळीपासून आमच्या घरात बर्फ पडतो आहे. बोलण्यात. धाकट्या मुलाने नाताळच्या सुट्टीचा बेत आखला आहे. डहाणूहून स्वतःच्या गाडीने निघायचे, शिमल्याच्या पुढचे नारकंडा, मग मनालीजवळचे सोलंग, तिथून काश्मीरमधले गुलमर्ग आणि परत येताना जमलेच तर उत्तराखंडातले औली. चारही ठिकाणी स्की करायचे. एकूण चौदा दिवस. नातीला तर स्की शिकायचेच आहे. मनालीजवळच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूरने 2018 मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवले, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते. मुलाने कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "मम्मी, खाण्याचे तेवढे तू बघ."

खाण्याचे बघायला बसले आणि सगळाच कागद बघावा लागला. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षे उलटली, तरी आकडे दिसले की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. कागदावर पहिलीच ओळ होती: पहाटे 3 वाजता प्रस्थान, रात्री उदयपूर. त्या ओळीपाशीच मी अडले.

सहलीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. मुले-सुना आपल्याला बरोबर घेऊन जातात, हे काय कमी पुण्य आहे? पण आपण बायका नेहमी काय करतो, तर बेत त्यांना ठरवू देतो आणि त्यात आपला चौविहार कुठे बसतो ते नंतर शोधतो. मग गाडीत साडेपाचला घाईघाईने थेपले वाटायचे, सूर्य मावळताना पाण्याची बाटली तोंडाला लावायची, नाहीतर "प्रवासात चालते" म्हणून सोडून द्यायचे. माझे म्हणणे उलटे आहे. आधी सूर्योदय आणि सूर्यास्त लिहा, गावे मागून भरा.

डिसेंबरअखेरीस मनालीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या आत मावळतो. नवकारशीची 48 मिनिटे धरली तर आठनंतर तोंडात घास. म्हणजे खाणे-पिणे, गाडी, दर्शन, सगळे मिळून दिवस नऊ-साडेनऊ तासांचा. आता अंतरे बघा. आपल्या चारोटी, तलासरीवरून जाणारा 48 क्रमांकाचा महामार्ग सरळ दिल्लीला जातो. तेच अंतर 1300 किलोमीटरच्या आसपास, आणि दिल्ली ते मनाली 500 च्या वर. उजेडात, मध्ये जेवून, घाई न करता 350 ते 400 किलोमीटर होतात, घाटात त्याहून कमी. म्हणजे जायला पाच दिवस, यायला पाच. चौदातून दहा गेले, उरले चार. त्या चारांत चार गावे, आणि मनाली ते गुलमर्ग, गुलमर्ग ते औली ही अंतरे वेगळीच. वजाबाकी उणे येते. मुलाच्या कागदावर ती उणे येत नव्हती, कारण त्याने खर्चाच्या बाजूला रात्री धरल्याच नव्हत्या.

रात्री का धरायच्या, ते सांगते. हे लिहायला मला जड जाते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही केसरियाजीला दर्शनाला निघालो होतो. लवकर निघायचा हट्ट माझाच. पूजेच्या वेळेला पोहोचायचे म्हणून साडेचारला सगळ्यांना गाडीत बसवले. तलासरी सोडून आच्छाडच्या बाजूला लागलो तेव्हा धुके होते. समोरून येणाऱ्या कंटेनरच्या दिव्यांनी मुलाचे डोळे दिपले, आणि दिवे पुढे सरकल्यावर अगदी डाव्या हाताला पांढरे काहीतरी हलले. त्याने गाडी उजवीकडे ओढली. मागे कोणी नव्हते म्हणून आम्ही वाचलो आणि तेही वाचले. चार साध्वीजी होत्या. एक वयस्कर महाराजसाहेब व्हीलचेअरवर, ढकलणारी बाई, आणि पुढे चमकणारा पट्टा घातलेला, हातात बॅटरी घेतलेला एक मुलगा. आम्ही उतरून वंदन केले. माझे हात थरथरत होते. मोठ्या साध्वीजी एवढेच म्हणाल्या, "सावकाश जा." पुढे तीनशे किलोमीटर गाडीत कोणी बोलले नाही.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास उठतो आणि विहार सुरू होतात. आपल्या सहलींचा हंगाम आणि त्यांच्या विहाराचा हंगाम एकच, रस्ताही पुष्कळदा एकच. मुंबई, सुरत, अहमदाबाद ही ये-जा याच महामार्गाने होते. अनवाणी पाय, पांढरी वस्त्रे, आणि कडेला चालायला धड जागा नाही. अपघाताची बातमी आली की आपण उपाश्रयात जमतो, नवकार म्हणतो आणि सुरक्षेची मागणी करतो. मागणी रास्तच आहे. पण त्या अंधारात धावणाऱ्या गाड्यांत आपल्याही गाड्या असतात, शंखेश्वरला नाहीतर पालिताण्याला निघालेल्या. म्हणून सूर्य उगवल्याशिवाय आमच्या फाटकातून गाडी बाहेर काढायची नाही, हा नियम मी त्या दिवशी घेतला. बर्फाच्या सहलीसाठी तो मोडणार नाही.

आणि हो, दिवसासुद्धा मागच्या सीटवरचा पट्टा लावा. 4 सप्टेंबर 2022 ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला तो भर दुपारी. त्यात गेलेले दोघेही मागे बसलेले होते आणि त्यांनी पट्टे लावलेले नव्हते. मागे बसणाऱ्या बहुतेक आपणच असतो. साडी चुरगळते म्हणून पट्टा न लावणाऱ्यांत मीही होते.

आता बर्फाकडे येऊ. चार गावे एका फेरीत करण्यात तसाही अर्थ नाही, कारण बर्फ आपल्या सुट्टीला बांधलेला नाही. जानेवारी 2024 च्या पूर्वार्धात गुलमर्गच्या उतारांवर गवत दिसत होते, बर्फ महिन्याच्या अखेरीस आला. उलट डिसेंबर 2024 मध्ये नाताळाच्या सुमारास सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान एवढा बर्फ पडला की हजारभर गाड्या अडकल्या आणि लोकांना रात्री बाहेर काढावे लागले. त्या रांगेत आपण असतो तर? लहान मूल, थंडीत बंद गाडी, आणि सूर्य कधीच मावळलेला. जम्मूहून श्रीनगरचा रस्ताही दरड आणि बर्फामुळे हिवाळ्यात मध्येच बंद होतो. जून 2025 पासून कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे सुरू झाली आहे, तेव्हा गुलमर्ग करायचे तर ती वेगळी सहल करावी. औलीच्या पायथ्याचे जोशीमठ जानेवारी 2023 मध्ये खचू लागले. लोकांची घरे तडकली त्या गावातून, दोन उतार घसरायला मिळतात म्हणून घाईने गाडी हाकत जावे, हे मला तरी पटत नाही.

आणखी एक. पौष दशमी बहुधा याच सुट्टीच्या आगेमागे येते. ज्यांचा अठ्ठम असतो त्यांना मनालीच्या थंडीत पारणे कसे जमणार? जानेवारीच्या शेवटी गेले तर दशमीही होते, बर्फही भरवशाचा आणि हॉटेलही स्वस्त. शाळा चार दिवस बुडेल. बुडू दे. लग्नाला बुडवतोच की.

खाण्याचे, जे मला बघायला सांगितले होते, ते सगळ्यात सोपे निघाले. हिवाळ्यात आपल्याला सवलतच असते. खाखरे, सुकी मिठाई यांचा काळ महिनाभराचा, पक्क्या पाण्याचा चार प्रहर, आणि भाजीपाला, बदाम, खजूरही फागण चौमासीपर्यंत चालतात. शिवाय घोलवडचे सुकवलेले चिकू, ज्यांना आपल्याकडचे लोक विचारत नाहीत आणि बाहेरचे डबा रिकामा करतात. छोटा प्रेशर कुकर मात्र जरूर न्या. अडीच हजार मीटरवर पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळते, उघड्या भांड्यात डाळ तासभर नाचत राहते आणि शिजत नाही. हॉटेलवाल्याला नुसते "जैन जेवण" सांगू नका. तिकडे त्याचा अर्थ कांदा-लसूण नको एवढाच होतो आणि ताटात बटाटा येतो. "जमिनीखालचे काही नको, साडेचारला वाढा" असे सांगा.

कपड्यांचे कोणी बोलत नाही म्हणून सांगते. फुगीर जाकिटाच्या आत "डाउन" असे लिहिलेले असेल तर ती बदकांची नाहीतर हंसांची पिसे. त्याच किमतीत, बरेचदा कमीतही, कृत्रिम भरणाची जाकिटे मिळतात. हातमोज्यांच्या तळव्याला चामडे असते, तेही बघावे. मनालीच्या वाटेवर भाड्याने मिळणाऱ्या कपड्यांत फरचे कोट असतात, ते नको. फोटोसाठी मांडीवर अंगोरा ससा ठेवतात. बर्फात उभे केलेले याक, कुफरीत चिखलातून माणसे वाहणारे घोडे. मुलांना आधीच सांगून ठेवा. तिथे पोहोचल्यावर "नाही" म्हटले की रडारड होते.

आणि खुद्द बर्फ? मैत्रिणींनो, इथे माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. बर्फ म्हणजे अप्काय. हिम आणि गारा बावीस अभक्ष्यांत आहेत, म्हणून मुलांनी मूठभर बर्फ तोंडात कोंबू नये, हे तर सरळ आहे. पण त्यावरून घसरायचे म्हणजे काय? इरियावहियंमध्ये आपण दवावर पाय पडल्याचीसुद्धा क्षमा मागतो, आणि इथे पैसे भरून दिवसभर बर्फ तुडवायचा. एका साध्वीजींना विचारले. त्या रागावल्या नाहीत, होकारही दिला नाही. विचारले, "किती वेळ?" मी घरी येऊन नातीला तेच विचारले. ती म्हणाली, रोज सकाळी दोन तास, शिकवणाऱ्या सरांबरोबर. म्हटले, ठीक आहे, त्यानंतर बर्फाचे गोळे फेकणे, त्यात लोळणे नाही, नुसते बघायचे. मी स्वतः काठावर बसणार आहे. यात तत्त्व किती आणि माझे गुडघे किती, हे मला सांगता येणार नाही.

त्याच साध्वीजींनी त्यांचे विहाराचे वेळापत्रक दाखवले. एका साध्या वहीत गाव, अंतर, उतरायची जागा आणि तिथल्या श्रावकाचा फोन. रोज 12-15 किलोमीटर, आणि पुढचा मुक्काम नक्की झाल्याशिवाय आजचा सोडायचा नाही. तसाच कागद मी मुलासाठी केला. पहिला मुक्काम अहमदाबाद, दुसऱ्या दिवशी केसरियाजीचे दर्शन करून उदयपूर, मग जयपूर, मग दिल्लीच्या उत्तरेला कर्नाल रस्त्यावरचे वल्लभ स्मारक. मुलाने पाहिले आणि म्हणाला, "मम्मी, यात पाचव्या दिवशीसुद्धा बर्फ नाही." खरे होते. सूनबाईने मग तोडगा काढला. वापीहून दिल्ली आणि पुढे चंदीगड रेल्वेने, तिथून हिमाचलचीच गाडी आणि तिथलाच चालक, ज्याला रस्त्यावर गोठलेला बर्फ ओळखता येतो. फक्त नारकंडा आणि सोलंग. उतरताना कांगडा, किल्ल्यातल्या आदिनाथ दादांच्या दर्शनाला. तिथे जायची माझी किती वर्षांची इच्छा आहे!

मुलगा दोन दिवस फुगून बसला होता. गाडी स्वतः चालवायची म्हणूनच तर सगळा खटाटोप होता त्याचा. काल मात्र वही मागून घेतली आणि प्रत्येक गावापुढे सूर्यास्ताची वेळ लिहायला बसला. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, म्हणजे नोव्हेंबरअखेरीस. माझी खालची बर्थ मिळाली तर बरे.