मालवणच्या पाण्यात पाय टेकू नका

मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीकडे सरकला की जवळच्या असोदा गावातल्या घरांत कोकणच्या सहलीचा विषय निघतो. कल्याण नाहीतर पनवेलला गाडी बदलायची, कुडाळला उतरायचे, मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा. हल्ली या बेतात स्नॉर्केलिंगही असते. डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवून, तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यावर पालथे तरंगायचे आणि तळाचे प्रवाळ पाहायचे. खान्देशातल्या कुटुंबांनी हे जरूर करावे. फक्त मे महिन्यात नको, आणि तयारीशिवाय तर मुळीच नको.

मेमध्ये पावसाळा तोंडावर आलेला असतो. समुद्र ढवळू लागतो, पाणी गढुळते आणि पैसे भरूनही धड काही दिसत नाही.

दुसरे कारण जास्त गंभीर आहे. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ती इवल्या जिवांची वसाहत असते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते, मुख्यतः त्यावरच प्रवाळ जगतात आणि त्यांचा रंगही बराचसा त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, की हे शैवाल बाहेर फेकले जाते. प्रवाळ पांढरेफटक पडतात, म्हणजेच त्यांचे विरंजन होते, आणि ते उपाशी राहतात. अशा जागतिक विरंजनाची चौथी लाट आल्याचे अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. मालवणच्या प्रवाळांवरही शास्त्रज्ञांनी विरंजन नोंदवले आहे. म्हणजे उन्हाळ्याने प्रवाळ आधीच खचलेले असतात, नेमकी तेव्हाच पर्यटकांची गर्दी होते. नाताळच्या सुटीत गेले तर पाणीही निवळ मिळते.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे हे पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाला आहे तेच संरक्षण आहे. पण कायद्याचा पहारेकरी पाण्याखाली उभा नसतो. इथे पाणी उथळ. दमले की पाय टेकावासा वाटतो, आणि टेकला की तो प्रवाळावरच पडतो. गोलसर दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. आठ वर्षांच्या मुलाच्या टाचेखाली चिरडलेला मुठीएवढा गोळा बहुधा त्या मुलाच्याच वयाचा असतो.

असोद्याच्या वांग्याच्या मळ्यात वाढलेल्या पोराला रोपांच्या वाफ्यात पाय टाकायचा नाही, हे सांगावे लागत नाही. समुद्रातही तेवढेच पाळायचे आहे.

त्यासाठी आधी पाण्यावर निवांत तरंगता यायला हवे, आणि ते जळगावच्या तरण तलावात आठवडाभरात जमू शकते. मुखवटा घरीच लावून पाहावा. कडेखाली केस अडकले की पाणी शिरते; मिशीवाल्यांना हा त्रास हमखास होतो. पाणी शिरले की माणूस घाबरून उभा राहतो आणि खालचे प्रवाळ मोडतात. लाइफ जॅकेट तर होडीत पाऊल ठेवण्याआधीच हवे: २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला.

पाण्याखालच्या व्हिडिओत भरपूर मासे यावेत म्हणून पाण्यात पावाचा चुरा टाकायला सांगणारे होडीवालेही असतात. अंगावर काळे उभे पट्टे असलेले मासे चुऱ्यावर तुटून पडतात, मुले खूश होतात. पण खडकावरचे शेवाळ खाऊन प्रवाळाला जागा मोकळी ठेवणाऱ्या माशांना पावाची सवय लावणे हा प्रवाळाचाच तोटा आहे. इथे दोष एकट्या होडीवाल्याचा नाही. गिऱ्हाईक मागते ते तो देतो. अभयारण्य जाहीर झाले तेव्हा मासेमारी बंद पडेल या धास्तीने मच्छीमारांनी विरोध केला होता. आज त्यांच्यातल्या अनेक घरांची चूल याच प्रवाळांमुळे आलेल्या पर्यटकांवर पेटते. ‘चुरा नको, दहा मिनिटे जास्त तरंगू द्या,’ असे खान्देशी पाहुण्याने म्हटले, तर होडीवाला आनंदाने ऐकेल.

शासनाने दोन गोष्टी तातडीने कराव्यात. होडीत बसण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाला मराठीत दहा मिनिटांची माहिती सक्तीची करावी. आणि प्रवाळांजवळ होड्या बांधायला कायमचे तरंगते बोये असावेत, म्हणजे दर फेरीला तळावर नांगर पडणार नाही.