टेबलावरची काडेपेटी

जानेवारी 1925, न्यूयॉर्क. जुन्या मित्राने बोलावले म्हणून खेळाडूंची पात्रे हॉटेलात पोहोचतात, तर त्या मित्राचा, लेखक जॅक्सन इलियासचा, नुकताच खून झालेला असतो. खोलीत हाती लागतात त्या मोजक्या वस्तू. त्यांत काही पत्रे असतात, एक व्हिजिटिंग कार्ड असते, एका बोटीचा धूसर फोटो असतो आणि शांघायच्या ‘स्टंबलिंग टायगर’ नावाच्या बारची काडेपेटी असते. लॅरी डिटिलिओ आणि लिन विलिस यांची ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ ही मोहीम केऑसियमने 1984 साली काढली. ‘कॉल ऑफ कथुलू’ हा भयाचा भूमिकाखेळ चालवणाऱ्या कीपरांना, म्हणजे त्याच्या गेममास्टरांना, ती काडेपेटी आजही ओळखीची आहे.

त्या काडेपेटीवर कवटी नाही, रक्ताचा डाग नाही. ती नुसती उलटसुलट करून पाहता येते आणि शेजाऱ्याच्या हातात देता येते. तेवढ्यात कोणीतरी विचारतेच, ‘न्यूयॉर्कमध्ये मेलेल्या माणसाच्या खोलीत शांघायची काडेपेटी आली कुठून?’ ही मोहीम लंडन, कैरो, केनिया, ऑस्ट्रेलिया आणि शांघाय अशी जगभर पसरलेली आहे आणि पुढे कुठे जायचे हे खेळाडू याच चिठ्ठ्याचपाट्यांवरून ठरवतात. टेबलावर ठेवलेली वस्तू टेबलाची दिशा बदलते.

भयखेळात प्रॉप आणि संगीत कशासाठी, याचे उत्तर या काडेपेटीत आहे. वस्तूने खेळाडूला काही सांगावे, त्याच्याकडून काही घ्यावे किंवा त्याला एखादा निर्णय घ्यायला लावावे. यातले काहीच होत नसेल तर ती सजावट होते, आणि भयाच्या टेबलावर सजावट बहुतेक वेळा नडते. प्लास्टिकची कवटी, कापसाची जाळी, लाल बल्ब यांना पहिल्या पाच मिनिटांत दाद मिळते. नंतर नजर त्यांना सरावते आणि सरावलेल्या नजरेला घाबरवणे गेममास्टरला दुप्पट जड जाते.

सँडी पीटरसन यांनी 1981 मध्ये ‘कॉल ऑफ कथुलू’ रचताना पात्राच्या मनाचा तोल आकड्यात बांधला आणि खेळाला सॅनिटी दिली. फासे पडतात, आकडा घटतो, पात्र ढासळते. मात्र कागदावरचा आकडा घटला म्हणून खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतोच असे नाही. पात्राची भीती आणि खेळाडूची भीती यांतले हे अंतर कमी करायला गेममास्टरकडे आवाज, शब्द आणि वेळ असतो. वस्तू आणि संगीत त्यानंतर येतात आणि शब्द कमजोर असतील तर कुठलीही वस्तू त्यांना तारत नाही.

हे अंतर सर्वांत धाडसाने मिटवले ते ‘ड्रेड’ने. एपिडाया रवाचोल आणि नॅथनिएल बारमोर यांच्या या खेळात फासेच नाहीत. टेबलाच्या मधोमध जेंगाचा मनोरा असतो, 54 लाकडी ठोकळ्यांचा. काही अवघड करायचे असेल तर ठोकळा काढून वर ठेवायचा. मनोरा पडला की ज्याचा हात होता त्याचे पात्र खेळातून गेले, बहुधा जिवानिशी. इथे वस्तू हाच नियम आहे. पात्र दरवाजाची कडी हळूच सरकवत असते आणि खेळाडू बोटाच्या टोकाने ठोकळा चाचपत असतो. दोघांचे हात एकाच कारणाने थरथरतात. टेबलाला कोणाचा गुडघा लागला तर सगळे एकदम श्वास रोखतात. अशा वेळी पार्श्वसंगीत लावले तर लाकडावर लाकूड घासल्याचा तो बारीक आवाज ऐकू येत नाही, आणि त्या रात्रीचे खरे संगीत तोच असतो. ‘ड्रेड’ चालवणाऱ्यांनी स्पीकर बंदच ठेवावा.

या नियमाची आणखी एक बाजू अनेकजण वापरतच नाहीत. खेळाडूला मनोरा मुद्दाम पाडता येतो. पात्र जाते, पण जे करायला गेले ते साधून जाते. दोन तास ज्या वस्तूला सगळे जपत आले, ती कोणीतरी स्वतःच्या हाताने उधळून देतो. सेशन सुरू होण्यापूर्वी ही मुभा खेळाडूंना स्पष्ट सांगितलेली असावी, नाहीतर ती वेळ येते आणि तशीच निघून जाते.

स्टीफन ड्युई यांचा 2015 चा ‘टेन कँडल्स’ याच वाटेने पुढे जातो. दहा मेणबत्त्या पेटवून खेळ सुरू होतो आणि पेटलेल्या मेणबत्त्यांवरून खेळाडूंच्या वाट्याचे फासे ठरतात. डाव फसला की एक मेणबत्ती विझवायची आणि प्रसंग बदलायचा. पात्राचे गुण, अवगुण वेगवेगळ्या कार्डांवर लिहिलेले असतात आणि फासे पुन्हा टाकण्यासाठी ते कार्ड जाळावे लागते. शेवटची मेणबत्ती विझेपर्यंत सगळी पात्रे मरणार हे सर्वांना पहिल्यापासून माहीत असते. सुरुवातीला प्रत्येकाने आपल्या पात्राच्या आवाजात एक निरोप ध्वनिमुद्रित केलेला असतो. तो सर्वांत शेवटी अंधारात ऐकवतात. रात्रभर वाजवलेल्या कुठल्याही साउंडट्रॅकपेक्षा दोन मिनिटांचे ते रेकॉर्डिंग जास्त हलवून सोडते, कारण तो आवाज समोरच बसलेल्या माणसाचा असतो आणि त्याचे पात्र तेव्हा जिवंत नसते.

आपल्याकडे या खेळाची अडचण छताला टांगलेली असते. मेणबत्ती वाऱ्याने विझली तरी ती विझलीच असा नियम आहे, त्यामुळे पंखा लावता येत नाही. एप्रिल-मेमध्ये पुण्या-मुंबईच्या बंद खोलीत दहा मेणबत्त्या आणि पाच-सहा माणसे तीन तास बसली की भीतीआधी घाम फुटतो. हा खेळ पावसाळ्याच्या किंवा थंडीच्या रात्रीसाठी राखावा. कार्ड जाळायला स्टीलचे जाड पातेले घ्यावे, तळाशी वाळू किंवा पाणी, आणि जवळ एक भरलेली बादली. पडदे बांधून ठेवावेत.

आता कागदाबद्दल. जुना दस्तऐवज बनवायचा तर कडक चहा, हे सर्वांना ठाऊक आहे. साध्या इंकजेटवर छापलेला मजकूर चहात बुडवला की शाई पसरते, हे मात्र आदल्या रात्री कळते. कागद आधी चहात रंगवावा, वाळवावा, इस्त्री फिरवावी आणि मग छापावा. लेझर प्रिंटरची छपाई असेल तर नंतर बुडवले तरी चालते. 1925 मधले पत्र निळ्या बॉलपेनने लिहू नये. बॉलपेन बाजारात आले ते 1940 च्या दशकात. शाईचे पेन वापरावे आणि एखादा शब्द खोडून पुन्हा लिहावा, कारण घाईत लिहिणारा माणूस खोडतो. मजकूर अर्ध्या पानाच्या वर जाऊ देऊ नये. खेळाडू वाचत असतो तितका वेळ बाकीचे टेबल थांबलेले असते.

प्रत एकच द्यावी. पाच जणांना पाच प्रती दिल्या की पाच जण मान खाली घालून वाचतात आणि खोली वाचनालयासारखी होते. एकच प्रत असली की एक जण वाचून दाखवतो आणि मध्येच थांबतो. बाकीचे त्याच्या चेहऱ्याकडे पाहत असतात. पुढचे वाक्य वाचावे की कागदाची घडी घालावी हे त्याला ठरवावे लागते. गेममास्टरने इतकी चांगली संधी कधी दवडू नये.

मुंबई इलाख्यातला 1920 च्या दशकातला प्रसंग रचणाऱ्यांच्या हाती तर अस्सल सामग्री आहे. पोस्टकार्ड आपल्याकडे 1879 पासून आहे, पण अंतर्देशीय पत्र स्वातंत्र्यानंतरचे, त्यामुळे ते या प्रसंगात नको. तारही चालते; भारतातली तारसेवा 2013 मध्ये बंद झाली. तारेतले तुटक, मोजून लिहिलेले शब्द भयकथेला फार जवळचे आहेत, कारण जे लिहिलेले नसते तेच वाचणारा मनात भरत बसतो. शिवाय मोडी लिपी आहे. त्या काळी दप्तरांत आणि घरगुती हिशेबांत ती चालत होती, आजच्या बहुतेक खेळाडूंना ती वाचता येत नाही. जुन्या वाड्याच्या कागदांत मोडीतल्या चार ओळी ठेवल्या तर वाचून देणारा कोणीतरी शोधणे हाच खेळाचा एक टप्पा होतो. फक्त त्या ओळी जाणकाराकडून लिहून घ्याव्यात. वेड्यावाकड्या रेघा मारून मोडी म्हणून खपवल्या आणि टेबलावर एकाला जरी मोडी येत असली तर सगळा डौल जातो.

वासाबाबत थोडी सावधगिरी हवी. धुपाचा आणि उदबत्तीचा वास बहुतेक मराठी घरांत देवघराची आठवण देतो, त्याने मन शांत होते. भयासाठी तो उलटा पडतो आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो तो वेगळाच.

संगीताकडे वळायचे तर ‘जॉज’पेक्षा चांगला धडा नाही. स्टीव्हन स्पीलबर्गच्या 1975 च्या या चित्रपटात जॉन विल्यम्स यांचा दोन सुरांचा ठोका सर्वांना आठवतो. तो कुठे वाजत नाही, हे मात्र कमी लोकांच्या लक्षात येते. दोन पोरे पाण्यात शार्कचा खोटा पर लावून लोकांना पळवतात, त्या प्रसंगात ते सूर नाहीत. संगीत प्रेक्षकाशी प्रामाणिक राहते, सूर नाही म्हणजे शार्क नाही. हा करार प्रेक्षकाच्या अंगवळणी पडला की मग पोलीसप्रमुख ब्रॉडी बोटीवरून पाण्यात आमिष फेकत असताना शार्क कुठल्याही सुराविना समोर येतो. तो दचका इतका जोरात बसतो कारण तोवर संगीताने एकदाही फसवलेले नसते.

टेबलावर हे जसेच्या तसे करता येते. एका प्राण्याला, एका घराला किंवा एका माणसाला एक आवाज द्यावा. पाण्याची टिपटिप असेल, लांबून येणारी घंटा असेल, एखादा खर्जाचा सूर असेल. ती गोष्ट जवळ असेल तेव्हाच तो लावावा, एरवी अजिबात नाही. दोन-तीन सेशन झाली की खेळाडूंना सांगावे लागत नाही, टिपटिप सुरू झाली की तेच कंदील विझवतात. त्यानंतर एकदाच, फार जपून, ती गोष्ट आवाजाशिवाय आणावी. दुसऱ्यांदा हा प्रयोग करू नये, खेळाडूंचा आवाजावरचा विश्वास उडतो.

अल्फ्रेड हिचकॉकला ‘सायको’मधल्या (1960) शॉवरच्या प्रसंगाला संगीतच नको होते. बर्नार्ड हर्मन यांनी फक्त तंतुवाद्यांवर ते रचून ऐकवले आणि दिग्दर्शकाचे मत बदलले. तीनच वर्षांनी ‘द बर्ड्स’मध्ये त्याच हिचकॉकने रूढ पार्श्वसंगीत सोडूनच दिले. पक्ष्यांच्या आवाजासाठी ओस्कार साला यांचे ट्राउटोनियम हे इलेक्ट्रॉनिक वाद्य वापरले, आणि ध्वनीचे सल्लागार पुन्हा हर्मनच होते. संगीत हवे की शांतता, हे त्या दोघांनी प्रत्येक चित्रपटापुरते नव्याने ठरवले. गेममास्टरनेही ते प्रत्येक प्रसंगापुरते ठरवावे. चार तासांची प्लेलिस्ट लावून विसरून जाणे म्हणजे काहीच न ठरवणे.

किंकाळ्या आणि कर्कश आवाज अंगावर येतात यात शंका नाही. मार्मोट या प्राण्याच्या किंकाळ्या अभ्यासणारे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डॅनिएल ब्लूमस्टाइन यांनी सहकाऱ्यांसह 2010 मध्ये चित्रपटांच्या ध्वनिपट्ट्या तपासल्या. फाटलेले, बेसूर, गोंगाटी आवाज प्राण्यांच्या धोक्याच्या हाकेसारखे असतात, आणि भयपटांत ते हेरून वापरलेले दिसतात. पण दचकलेला खेळाडू पुढच्या क्षणी हसतो, आणि एकदा हसू फुटले की जमवलेला ताण वीस मिनिटे परत येत नाही. चित्रपट त्या हसूच्या पुढे निघून जातो. टेबलावर खेळाडूच बोलत असतात, त्यामुळे ते हसू लांबते. रात्री एखादा दचका पुरे.

ओळखीची धून वर्ज्य समजावी. कोणाला चित्रपटाचे नाव आठवले की तो ते सांगतोच. शब्द असलेली गाणीही नकोत, ती गेममास्टरच्या शब्दांशी भांडतात. सायमन हीथ यांच्या क्रायो चेंबर या लेबलचे डार्क अँबियंट अल्बम, दहा मिनिटांचे ‘टेबलटॉप ऑडिओ’चे तुकडे किंवा ‘सिरिन्स्केप’सारखे अॅप ही टेबलावर वापरता येणारी साधने आहेत. आवाज इतका मंद हवा की दबक्या स्वरातले बोलणे त्याच्यावर ऐकू यावे. स्पीकर टेबलावर न ठेवता खेळाडूंच्या पाठीमागे ठेवावा. फाइल आधी उतरवून घ्याव्यात. तळघराचे दार उघडत असताना मध्येच डिटर्जंटची जाहिरात वाजली तर ते सेशन सावरत नाही.

आणि स्पीकर बंद करण्याची वेळ आधी ठरवावी. तासभर मंद घरघर चालू असली की कान ती विसरतात. ती अचानक थांबली की सगळे मान वर करतात, का ते त्यांनाही कळत नाही. त्या क्षणी गेममास्टरने बोलू नये. पाच सेकंद गप्प बसणे टेबलावर फार लांब वाटते, पण तेवढे बसावे.

मेणबत्त्या, धूर, अंधार आणि अचानक येणारे आवाज हे सगळे खेळाडूच्या पात्रावर नव्हे तर त्याच्या शरीरावर येते. म्हणून ते आधी सांगायला हवे. जॉन स्टाव्रोपोलोस यांचे एक्स-कार्ड सर्वांना माहीत आहे. टेबलावर एक कार्ड ठेवायचे, कोणी त्याला बोट लावले की तो विषय कारण न विचारता सोडून द्यायचा. प्रॉप वापरणाऱ्या टेबलावर हे कार्ड मेणबत्तीच्या उजेडातही दिसेल असे ठेवावे. कोणाला दमा आहे, कोणाला फिट येते, कोणाला पूर्ण अंधार सोसत नाही, हे दोन दिवस आधी विचारावे. यामुळे भीती कमी होत नाही. आपल्याला सांभाळले जाणार आहे हे माहीत असलेला खेळाडू जास्त पुढे जातो.

वाचकांपैकी अनेकांची दिवाळीनंतरची टेबले आता ठरत असतील. या वेळी सामानाची यादी करण्याआधी प्रत्येक वस्तूपुढे एक ओळ लिहून पाहावी, ही वस्तू खेळाडूला काय ठरवायला लावते. ज्या वस्तूपुढची ओळ कोरी राहील ती घरीच ठेवावी. जी उरेल ती एकच असली तरी तिच्यावर आठवडाभर मेहनत घ्यावी.