मांडव्याचा शूल आणि तासगावची लेक

धर्मकथा आणि कायदा यांचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर दोन घोषणा हमखास ऐकू येतात. पहिली : सगळा कायदा आमच्या पुराणांत आधीच लिहिलेला होता. दुसरी : इंग्रज येईपर्यंत येथे न्याय नव्हताच, होती ती निव्वळ अंधश्रद्धा. दोन्ही घोषणा आळसातून जन्मल्या आहेत. पहिली देणाऱ्याने कथा शेवटपर्यंत वाचलेली नसते आणि दुसरी देणाऱ्याने एकही जुना निवाडा उघडलेला नसतो.

(धागा दीर्घ आहे. मांडव्याची कथा ठाऊक नसेल त्याने मधूनच उडी मारू नये.)

सध्या फिरणारा दावा असा : अल्पवयीनांना शिक्षा करू नये हे तत्त्व जगाला महाभारताने दिले. आधार म्हणून आदिपर्वातील अणीमांडव्याची कथा सांगितली जाते. कथा खरोखरच विलक्षण आहे. मात्र दाव्यापुरता तिचा तुकडा तोडला जातो.

मांडव्य ऋषी मौनव्रत धरून, हात उंचावून आश्रमाच्या दारी उभे होते. चोर आले, लुटीचा माल आश्रमात लपवून स्वतःही दडून बसले. पाठलागावरच्या राजपुरुषांनी विचारले, ऋषी बोलले नाहीत. माल सापडला, चोर सापडले आणि न बोलणारा ऋषीही त्यांच्यातलाच ठरला. राजाने सर्वांना सुळावर चढवले. मांडव्य मेले नाहीत. चूक उमगल्यावर राजाने क्षमा मागितली, सूळ उपटायला लावला. तो निघेना, तेव्हा बुंध्याशी कापला. त्याचे अग्र, म्हणजे अणी, शरीरात वागवीत मांडव्य हिंडत राहिले.

मग ते थेट धर्माच्या दारी गेले आणि त्यांनी विचारले, हे कोणत्या कर्माचे फळ? धर्म म्हणाला, बालपणी तुम्ही एका कीटकाच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होती. मांडव्यांनी तेथेच निकाल उलटवला. एवढ्याशा अपराधाला एवढा दंड देणारा न्यायाधीशच दोषी आहे. धर्माने शूद्रयोनीत जन्म घ्यावा, तोच विदुर. आणि यापुढे चौदा वर्षांच्या आतील कृत्याचे पातक कोणाला लागणार नाही.

अभिमानाने ही कथा पुढे धाडणारे दोन गोष्टी गाळतात. एक, या कथेत न्यायदेवताच आरोपी आहे. कायदा येथे देवाकडून माणसाकडे आलेला नाही. अन्याय सोसलेल्या माणसाने तो देवावर लादला आहे. दोन, देवाला दिलेली शिक्षा काय, तर शूद्र स्त्रीच्या पोटी जन्म. ज्या वाक्यात बालकाला अभय मिळाले, त्याच्या शेजारच्याच वाक्यात एका संपूर्ण वर्णाचा जन्म हा दंड ठरला. एक वाक्य वारसा म्हणून मिरवायचे आणि दुसऱ्यावर बोट ठेवायचे, याला इतिहासवाचन म्हणत नाहीत.

आता जुने धर्मशास्त्रकार या कथेचे काय करतात ते पाहावे. नारदस्मृतीच्या व्यवहारभागात मांडव्याचे नाव येते ते चौदा वर्षांच्या नियमासाठी नव्हे. चोर नसलेलाही व्यवहारात चोर ठरू शकतो, यासाठी तेथे त्याचा दाखला आहे. म्हणजे कथा ही नियमाची जननी नसून फसलेल्या खटल्याची नोंद आहे : माल जवळ सापडला, आरोपी गप्प राहिला, एवढ्यावरून गुन्हा शाबीत धरू नका. केवळ शास्त्राच्या शब्दावर निर्णय करू नये, युक्तीवाचून केलेल्या विचाराने धर्माचीच हानी होते, हे बृहस्पतीच्या नावावरील वचनही याच पठडीतले. ज्यांना स्मृतिकार म्हणजे पोथीचे गुलाम वाटतात, त्यांनी हे वाचण्याची तसदी घ्यावी.

दिव्याचेही तसेच. अग्नीने वत्स ऋषीचा केससुद्धा जाळला नाही, अशी कथा मनुस्मृती सांगते आणि दिव्याला प्रतिष्ठा देते. परंतु याज्ञवल्क्याने प्रमाणांचा क्रम लावला तो असा : लेख, भोगवटा, साक्षीदार, यांपैकी काहीच नसेल तरच दिव्य. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली ती चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात. मराठेशाहीतील वतनाच्या तंट्यांतही आधी कागद पाहिले जात, गोतसभा बसे, साक्षी होत, महजर लिहिला जाई. जिंकणारा हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी. तापलेले लोखंड हातात देणे हा त्या वाटेचा शेवटचा टप्पा होता, पहिला नव्हे. क्रूर होता, हे मान्य. तरीही पद्धतच नव्हती असे म्हणता येत नाही.

येथवर पहिल्या घोषणेवाल्यांपैकी काही सुखावले असतील. त्यांनी तासगावला यावे.

तासगाव हे परशुरामभाऊ पटवर्धनांचे ठाणे. कर्नाटकच्या मोहिमांत पाहिलेल्या देवळांची छाप घेऊन उभारलेले येथील गणेश मंदिराचे सात मजली गोपुर सर्वांना ठाऊक असते. रथोत्सवाची छायाचित्रेही दरवर्षी फिरतात. भाऊंच्या घरातली दुसरी गोष्ट तितकीशी फिरत नाही. त्यांची मुलगी बालपणीच विधवा झाली. पित्याने तिचा पुनर्विवाह करण्याचे मनात आणले आणि माहुलीच्या रामशास्त्री प्रभुणे यांचे मत घेतले. शास्त्रींना त्यात बाध दिसला नाही. तरीही घरातून आणि जातीतून विरोध झाल्याने विचार सोडावा लागला, असे सांगितले जाते. रामशास्त्री १७८९ मध्ये वारले, भाऊ १७९९ मध्ये पट्टणकुडीच्या लढाईत पडले.

या हकिकतीचा प्रत्येक तपशील तसाच घडला, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा आहे. मांडव्याची कथा त्या काळच्या कीर्तनकारांना, पुराणिकांना पाठ होती. चौदा वर्षांच्या आत पातक नाही, हे वाक्य देवळादेवळांत ऐकले जात होते. आणि त्याच श्रोत्यांत बालविधवेला तिच्या दुर्दैवाचे कारण काय सांगितले जाई? पूर्वजन्मीचे पाप. नीट पाहिले तर हा युक्तिवाद मांडव्याचा नव्हे, धर्मराजाचा आहे. ज्या युक्तिवादासाठी कथेत त्याला शाप मिळाला, तोच. काडी खुपसल्याबद्दल सूळ अन्यायाचा, आणि काहीही न केल्याबद्दल जन्मभराचे वैधव्य मात्र शास्त्रशुद्ध!

कथेत बीज होते म्हणून कायदा आपोआप उगवला असता, तर तो निदान पटवर्धनांच्या वाड्यात उगवायला हवा होता. तेथे सत्ता होती, सैन्य होते, पुण्याच्या दरबारात वजन होते, अनुकूल शास्त्रमतही होते असे म्हणतात. पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीने दुसरा पती करण्यास वाव देणारे पराशरस्मृतीतील वचन तर शेकडो वर्षे पोथीत पडून होते. नव्हते ते एवढेच : त्या वचनावर बोट ठेवून मुलीला दाद मागता येईल अशी जागा.

बृहदारण्यक उपनिषदात धर्माला क्षत्राचेही क्षत्र म्हटले आहे. त्याच्या बळावर दुर्बळ मनुष्यही बलवंतावर हक्क सांगू शकतो. कायद्याची याहून नेमकी व्याख्या मिळणे कठीण. पण तासगावच्या वाड्यात दुर्बळ कोण होते आणि बलवंत कोण? पुरंदर सरदारदेखील जातगंगेपुढे दुर्बळ ठरला, मग त्याच्या लेकीची काय कथा.

तेच पराशरवचन पुढे ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ मध्ये वादासाठी उचलले आणि १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला. तोवर तासगाव संस्थान खालसा होऊन आठ वर्षे लोटली होती. वचन जुनेच होते. नवी होती ती सह्यांची मोहीम, छापखाना आणि कायदेमंडळ. दुसऱ्या घोषणेवाल्यांनीही येथे घाई करू नये, कारण नुसता इंग्रजी कायदाही पुरला नाही. १८७० मध्ये, कायदा होऊन चौदा वर्षे उलटल्यावर, पुण्यात शंकराचार्यांसमोर शास्त्रार्थ झाला. पुनर्विवाहाच्या बाजूने विष्णुशास्त्री पंडित उभे होते. निर्णय विरुद्ध गेला.

आणि त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात काय होते? पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क ती मेली असे समजून संपुष्टात यावा. विवाहाची मोकळीक देणाऱ्या हातानेच घरदार काढून घेतले. ज्या जातींत पाट लावण्याची रूढी पूर्वीपासून होती, तेथील स्त्रियांवरही हे कलम लागू होते की नाही, यावर मुंबई आणि अलाहाबादच्या उच्च न्यायालयांनी परस्परविरोधी निकाल दिले. तो कायदा पुस्तकातून निघाला १९८३ मध्ये.