सर्पाचे विष मंत्राला भीत नाही

ज्या कुटुंबांनी धम्मदीक्षा घेतली, देव्हारे विसर्जित केले आणि बावीस प्रतिज्ञा मुखोद्गत केल्या, त्यांच्यापुढे आज आम्ही एक रोखठोक प्रश्न ठेवीत आहो. ऐन मध्यरात्री घरातील मुलाला पान लागले, तर त्याला उचलून तुम्ही कोठे धावाल? दवाखान्याकडे, की शेजारच्या गावच्या मांत्रिकाकडे? दीक्षा उंबरठ्याच्या आत आली की बाहेरच राहिली, याचा निर्णय त्या रात्री तुमची पावलेच देतील.

कोणी म्हणतील, ‘मांत्रिकाने पाणी मारले, कडुनिंबाचा पाला चारला आणि माणूस उठून बसला. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.’ पाहिले हे खोटे नाही. त्याचा लावलेला अर्थ खोटा आहे. आपल्याकडील बहुसंख्य सर्प बिनविषारी आहेत. माणसाचा जीव घेणारे मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. तेही प्रत्येक दंशात विष सोडतातच असे नाही. म्हणजे ज्याला विष चढलेच नव्हते, त्याचे विष उतरविल्याचे श्रेय मांत्रिक लाटतो. आणि ज्याला खरोखर चढले तो दगावला, की ‘उशिरा आणले’, ‘घरात विटाळ होता’, ‘आयुष्याची दोरीच तुटली होती’, असे म्हणून हात झटकतो. जगला तर मंत्राचा प्रताप, मेला तर तुमचे नशीब! ज्या विद्येला हरणे ठाऊकच नाही, ती विद्या नव्हे. ती लबाडी होय.

या लबाडीची किंमत कोण देतो? मण्यार रात्री चावते. दंशाच्या जागी सूज नाही, फारशी वेदनाही नाही. मांत्रिकाचे पाणी पिऊन माणूस निश्चिंत होतो आणि काही तासांनी त्याच्या पापण्या मिटू लागतात, श्वास अडकतो. जमिनीवर निजणारा, अनवाणी शेतात राबणारा, असा जो गरीब, तोच मुख्यतः बळी पडतो. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे मेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. यावर उपाय एकच : प्रतिविषाची लस. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा टोचून त्याच्या रक्तातून ती तयार करतात. तिला मंत्र लागत नाही, शुभ वेळ लागत नाही. ती वेळेवर मिळावी लागते. मांत्रिकाच्या अंगणात गेलेला प्रत्येक तास रोग्याच्या आयुष्यातून वजा होतो.

आता एक कटू गोष्ट. काही घरांतून जुना मांत्रिक गेला, पण त्याची जागा परित्राणाच्या दोऱ्याने आणि मंतरलेल्या पाण्याने घेतली. भाषा पाली झाली म्हणून गंडा हा गंडाच राहतो! भगवंतांनी किसागोतमीचे मेलेले मूल जिवंत केले नाही. जेथे कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, एवढेच सांगितले. चंदनाच्या पात्रासाठी चमत्कार दाखविणाऱ्या पिंडोल भारद्वाजाला त्यांनी खडसाविले. स्वतः आजारी पडले तेव्हा जीवक वैद्याचे औषध घेतले. बाबासाहेबांनी तर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अधम्म म्हणजे काय हे सांगताना अलौकिकावरील विश्वासालाच पहिले स्थान दिले. मग आपण कोणाच्या नावाने दोरा बांधतो?

कायदाही आपल्या बाजूस आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि ज्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी महाराष्ट्रात झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

म्हणून बंधुभगिनींनो, दंश झालेल्याला धीर द्या, दंशाचा अवयव हलू देऊ नका, चिरू नका, चोखू नका, आणि थेट रुग्णालय गाठा. तेथे लस नसेल तर ती का नाही, असा जाब सर्वांनी मिळून विचारा. मांत्रिकापुढे हात जोडणे ही गुलामी होय. लस मागणे हा हक्क होय. दीक्षा आपण हक्कासाठी घेतली आहे.